आधी काच, मग डोळा

शहापूरला ज्यांच्या घरी मी पाच वर्षं भाड्याने राहिले, त्या काकांना कोणीही भेटलं की आधी त्याचा चष्मा दिसायचा. चष्मा नसलेल्या माणसाशी ते दोन शब्द बोलून मोकळे व्हायचे. चष्मेवाला आला की त्याचं नावगाव विचारायच्या आधीच त्यांचा हात पुढे जायचा. "काढा बघू."

माझ्या बाबतीतही तेच झालं. शिक्षणसेविका म्हणून माझी नेमणूक शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली होती. आम्ही साताऱ्याकडचे. वडिलांबरोबर खोली बघायला आले तेव्हा काका ओट्यावर बसले होते. डोक्यावर एक केस नाही, अंगात बंडी, गुडघ्यापर्यंतची चट्ट्यापट्ट्याची चड्डी. वडील भाड्याचं विचारत होते आणि काका एकटक माझ्या तोंडाकडे बघत होते. वडिलांना ते आवडलं नव्हतं, त्यांच्या खाकरण्यावरूनच मला कळलं.

"बाई, चष्मा कशानं पुसता?" काकांनी विचारलं.

मी ओढणीचं टोक दाखवलं.

"शाळंत खडू वापरता ना? खडूची भुकटी ओढनीवर, ओढनी काचेवर. म्हंजे तुमी रोज काच खरवडता."

त्यांनी चष्मा घेतला, उन्हाकडे तिरपा धरला आणि वडिलांना जवळ बोलावलं. "ह्या बघा रेघा. मोठ्या स्टेशनात रूळ कसे एकमेकांत शिरतात, तशा." वडिलांनी वाकून पाहिलं. माझा नंबर उणे आठ. जाड काचेने नाकावर वळ उठतात म्हणून त्यांनी मुद्दाम प्लास्टिकच्या हलक्या काचा करून घेतल्या होत्या, त्याही तीनच महिन्यांपूर्वी. त्यांचा चेहरा उतरला.

खोली ठरली. भाडं ठरलं, पाण्याची वेळ ठरली आणि शेवटी काकांनी एक अट घातली. ह्या घरात चष्मा ओढणीने, पदराने, रुमालाने पुसायचा नाही. वडिलांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण चार दिवसांनी मी मोरीजवळ उभी राहून सवयीने ओढणी हातात घेतली, तेव्हा काका अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडून ज्या वेगाने आले, त्यावरून मला कळलं की अट खरी आहे.

त्यांची रीत अशी होती. आधी स्वतःचे हात धुवायचे, कारण हाताचं तेल काचेला लागतं. मग चष्मा नाकाच्या दांडीला धरून नळाखाली धरायचा आणि नुसतं पाणी वाहू द्यायचं. बोट लावायचं नाही. धूळ आपणहून उतरली पाहिजे. मग शांपूच्या पुडीतला एक थेंब बोटावर घेऊन काचेच्या दोन्ही बाजूंवरून, कडेच्या खाचेतून, नाकाला टेकणाऱ्या गोट्यांवरून हलक्या हाताने फिरवायचा. परत पाणी. चष्मा झटकायचा. राहिलेले थेंब मऊ सुती फडक्याने टिपून घ्यायचे. टिपायचे, घासायचे नाहीत. गरम पाणी नको, भांड्यांची पावडर तर नकोच नको. आणि ठेवताना काचा वर, दांड्या खाली.

"धूळ पुसाची नाय, धुवाची," हे वाक्य मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं याला गणती नाही.

शांपूची पुडी हा गल्लीतल्या दुकानदाराचा आवडता विषय होता. तुळतुळीत टक्कल असलेला माणूस दर आठवड्याला शांपू नेतो म्हटल्यावर तो तरी काय करणार. "काका, केस कधी येतील?" तो विचारायचा. काका शांतपणे पुडी खिशात घालून म्हणायचे, "तुजा चष्मा दे आदी."

फडक्याबद्दल मात्र काकूंची कायमची तक्रार होती. ते फडकं त्यांच्या एका जुन्या सुती लुगड्याचं होतं आणि काकांनी ते न विचारता कापलं होतं. "चांगला लुगडा व्हता गो," काकू मला सांगायच्या. "अजून दोन वर्सं नेसले असते. ह्यांनी मधूनच चौकोन काडला." त्या लुगड्याची बारा फडकी झाली होती. ती वेगळ्या तारेवर वाळायची. त्या तारेला घरातला दुसरा कपडा लागायचा नाही, आणि त्या तारेवर कावळा बसला तर काका ओट्यावरून उठायचे.

काकांना स्वतःला चष्मा नव्हता. वाचायला लागायचा तेवढाच, तोही पासष्टीनंतर आलेला. चष्म्याचं हे वेड त्यांना आलं कुठून, याचं उत्तर मला सुरुवातीला सोपं वाटलं होतं. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. कसाऱ्याला खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. शिडी चढून सिग्नलच्या दिव्यांच्या काचा साफ करणं हे त्यांचं तरुणपणीचं काम. नवीन असताना त्यांनी एकदा सुताच्या कोरड्या गुंड्याने काच खसाखसा पुसली. धुळीने काचेवर बारीक चरे पडले.  मुकादमाने काकांना खाली लांब उभं केलं आणि दिवा बघायला सांगितला. "लाल व्हता, पन दमलेला लाल," काका म्हणायचे. "डायवरला दमलेला लाल दिसला तं काय उपेग?"

मला वाटायचं, झालं, हेच कारण. पण काका चष्मा धुऊन परत देताना आणखी एक गोष्ट करायचे, ती मला कळायची नाही. चष्मा घातलेल्या माणसाला ते समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लावायचे. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एकेक डोळा झाकून. आणि सगळं नीट दिसलं तरी बजावायचे, "आदी काच, मंग डोळा. त्याच दिवशी." कोणाला त्याचा अर्थ लागायचा नाही. मला तरी कुठे लागला होता?

मुरबाडच्या लग्नाची गोष्ट मात्र काकू हसत हसत सांगायच्या. काकूंच्या भाच्याचं लग्न. नवरदेवाला चष्मा, त्याच्यावर हळदीची बोटं उठलेली, घामाने बरबटलेला. अंतरपाट धरलेला, भटजींनी मंगलाष्टका सुरू केलेल्या, आणि काका मांडवात शिरले आणि नवरदेवाच्या मुंडावळ्या सरकवून चष्मा काढून घेऊन गेले. कोणाला वाटलं रीतच असेल. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेव हार घेऊन उभा, समोर सगळं धुकं. त्याने हार पुढे केला तो करवलीच्या दिशेने, मामाने मनगट धरून वळवला. तेवढ्यात काका ओल्या हातांनी धावत आले आणि चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. "तो भाचा अजून बोलतो," काकू म्हणायच्या, "आत्या, बायको मना पैल्यांदा दिसली ती अशी स्वच्छ दिसली का मी हार घालाचाच इसरलो."

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. रविवारी संध्याकाळी वह्या तपासताना माझ्या डाव्या काचेवर एक काळा केस आल्यासारखा वाटला. मी चष्मा काढून झटकला. केस तिथेच. त्याच दिवशी सकाळी काकांनी स्वतःच्या हाताने माझा चष्मा धुतला होता. मला वाटलं, फडक्यात काहीतरी अडकलं असणार आणि ओरखडा पडला असणार. मनातून थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं ह्या माणसाने मला शिकवलं होतं, आता चूक त्याची होती.

सोमवारी सकाळी मी ओट्यावर जाऊन म्हटलं, "काका, काल तुमच्याकडून ओरखडा पडलाय."

काकू चहाचा कप घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. काकांनी चष्मा घेतला. धुतला. उन्हाकडे सरळ धरला, मग तिरपा, मग माझ्या पिशवीतल्या काळ्या पाटीसमोर धरला. पुन्हा धुतला. मला शाळेला उशीर होत होता. त्या दिवशी शाळेची तपासणी होती, अकरा वाजता साहेब यायचे होते, आणि तीन वर्षांच्या कंत्राटावरच्या बाईने तपासणीच्या दिवशी उशीर करणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

"काचंत काय नाय," काका म्हणाले.

"आहे काका. डावीकडे. केसासारखा."

"घालू नको. असाच भितीकडं बघ."

मी चष्मा न घालता ओट्याच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. भिंत धूसर होती, पण केस तिथेच होता. डोळा हलवला की तो तरंगत जायचा आणि मागाहून परत यायचा. त्याच्याभोवती काजळीचे ठिपके उडाल्यासारखे दिसत होते. मी सांगितलं तसा काकांनी चष्मा ओट्यावर ठेवला, काचा खाली. पाच वर्षांत त्यांनी चष्मा असा ठेवलेला मी तेव्हाच पाहिला.

"वीज चमकल्यासारका होतं? कडंला?"

काल दिवा घालवल्यावर डोळ्याच्या कडेला चमकलं होतं. मी ते दमल्यामुळे झालं म्हणून सोडून दिलं होतं.

"कोपऱ्यात सावली हाय? पडदा वडल्यासारकी? नीट बघ पोरी. उजवा झाक."

तीन वर्षं ते मला बाई आणि तुमी म्हणत होते. मी उजवा डोळा झाकून वर, खाली, दोन्हीकडे पाहिलं. "नाही. सावली नाही."

"मंग टाइम हाय," काका म्हणाले आणि उठून आत शर्ट घालायला गेले.

मी म्हटलं, आज नाही जमणार, तपासणी आहे, संध्याकाळी बघू. काका बाहेर येऊन बटणं लावत म्हणाले, "तपासनी परत यील." मी पुन्हा काही बोलणार तोच काकूंनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. त्यांनीही पातळ बदललं होतं. हेडमास्तरांना चिठ्ठी लिहायला सांगितली, ती काकांनी पाड्याकडे जाणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरजवळ दिली, घराला कुलूप लावलं आणि आम्ही तिघं कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला रिक्षाने आसनगाव स्टेशनला निघालो. रिक्षावाल्याला काकांनी खड्डे चुकवायला सांगितलं आणि मला मान हलवू नको म्हणाले.

कल्याणच्या गाडीत काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. खडवली गेल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली, ती माझ्याकडे न बघता.

त्यांचा मोठा भाऊ सापगावला शिंपीकाम करायचा. वीस वर्षांपूर्वी तो म्हणायला लागला की चष्म्यावर डाग आहे. काका सुटीला आले की त्याचा चष्मा धुऊन द्यायचे. काचा घाण आहेत तुझ्या, नीट ठेवत नाहीस, असं त्याला बोलायचे. भाऊ बिचारा रोज पुसायचा, रोज धुवायचा. दीड महिना असाच गेला. मग एक दिवस त्याला डाव्या डोळ्याने अर्धंच जग दिसायला लागलं. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यातला पडदा सुटला, आधी आला असता तर धरला असता.

"दीड मयना मी काच धूत बसलो," काका म्हणाले. "डोळा माज्यापायी गेला त्याचा."

काकू म्हणाल्या, "असा नका बोलू." त्या हे पहिल्यांदा बोलत नव्हत्या, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.  मला त्या वेळी फक्त माझ्या डोळ्याची भीती वाटत होती. उणे आठ नंबरच्या बाईचा एक डोळा गेला तर ती फळ्यावर काय लिहिणार आणि कोण तिला नोकरीत ठेवणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

काकांना दवाखान्याचा पत्ता पाठ होता. जुने डॉक्टर आता नव्हते, त्यांची मुलगी बसत होती. माझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. पाऊण तास होता. काकांना नुसतं बसवेना. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं. त्यांनी खिशातून पुडी आणि फडकं काढलं आणि शेजारच्या आजोबांना म्हणाले, "काढा बघू." मला थेंबांमुळे सगळं अंधूक दिसत होतं, पण ऐकू येत होतं. नळ सुरू, नळ बंद. एकामागून एक त्यांनी त्या खोलीतल्या सगळ्यांचे चष्मे धुतले. केसपेपर लिहिणारी मुलगी दोनदा म्हणाली, "आजोबा, इथे असं करू नका." तिसऱ्यांदा तिने स्वतःचा चष्मा दिला.

डॉक्टरबाईंनी मला आत घेतलं. कपाळावर दिवा बांधून, हातात भिंग धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. मग म्हणाल्या, "किती दिवस झाले हे दिसतंय?"

"काल संध्याकाळपासून."

"आणि आज आलात?" त्यांनी दिवा बाजूला केला. "कोणी सांगितलं यायला?"

मी बाहेर बोट दाखवलं.

त्यांनी काका-काकूंना आत बोलावलं आणि सांगितलं की पडद्याला घोड्याच्या नालेसारखी फट पडली आहे, पण पडदा अजून जागेवर आहे. आत्ताच लेझरने फटीच्या कडेने टाचून घेते. आठ-दहा दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं.

"जागेवर हाय?" काकांनी विचारलं.

"हो. जागेवर आहे."

"डोळा ऱ्हाईल?"

"राहील."

काका तिथल्या स्टुलावर बसले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजोबा, पाणी देऊ?" काकांनी मान हलवली आणि म्हणाले, "तुमचा चष्मा लई घान हाय बाई." त्या हसल्या आणि त्यांनी खरंच चष्मा काढून दिला, लेझरच्या यंत्रातून बघताना त्यांना तो लागत नव्हता. माझ्या डाव्या डोळ्यात हिरवे ठिणगीसारखे झोत पडत होते तेव्हा बाहेर नळ वाहत असल्याचा आवाज येत होता, आणि मला त्या आवाजाने धीर वाटत होता.

परत येताना मी डोळे मिटून काकूंच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. कसं सांगू, अंग हलकं हलकं झालं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी चिठ्ठी वाचून, बाईंना डोळा सांभाळा म्हणावं, एवढंच म्हटल्याचं हेडमास्तरांनी मागाहून सांगितलं. मी उगीच घाबरले होते.

आठवडाभर मी घरी होते. कल्याणला डोळ्याची दुसरी तपासणी झाली, डॉक्टरबाईंनी टाचण नीट बसल्याचं सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी काका म्हणाले, "चल, सापगावला जाऊन येऊ." एवढंच.

त्यांचा भाऊ घराच्या पडवीत मशीनवर बसला होता. काकांपेक्षा बारीक, उंच. एका डोळ्याने अजूनही शिवायचा, शाळेच्या मुलांच्या चड्ड्या आणि बायकांची पोलकी. काकांनी त्याला सगळं सांगितलं. केस कसा दिसला, कल्याणला कसं नेलं, फट कशी होती. सांगून झाल्यावर म्हणाले, "हिचा ऱ्हायला, दादा. तुजा मी घालवला."

भावाने मशीनचा पाय थांबवला. "काय बोलतोस?"

"दीड मयना काचच धूत बसलो ना मी."

"आरं, तूच बोललास ना डाक्टरकडं जा म्हनून?"

काका त्याच्याकडे बघत राहिले.

"दोनदा बोललास. दुसऱ्या टायमाला रागावलास. काचंत काय नाय, तुज्या डोळ्यात हाय, आता मी धुनार नाय, असा बोलून चष्मा मशीनवर ठेवलास नि कसाऱ्याला गेलास. मीच नाय गेलो. लगीनसराई व्हती, कपडे आडकलेले."

"मी असा बोललो?"

"बोललात भावजी," आतून त्यांच्या वहिनीचा आवाज आला. त्या पदराला हात पुसत उंबऱ्यात आल्या. "मी हितंच व्हते, तांदूळ निवडत. मी पन बोलले ह्यांना, जा. आयकतात कुठं."

"मंग कधी बोलला नायस?" काकांनी भावाला विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"तू कधी इचारलास?" भाऊ म्हणाला. "मना काय म्हाईत तू हे घेऊन बसलास." आणि त्याने मशीनखाली पडलेलं कापड उचललं, पण शिवायला घेतलं नाही. तो काकांकडे बघत बसला. वहिनींनी चहा आणला. काकांनी तो बशीत ओतला आणि बशी हातात धरून ठेवली, चहा गार झाला तरी.

परत येताना आम्ही चालत निघालो. भातसेच्या पुलावर काका थांबले आणि कठड्याला टेकून खाली पाणी बघत राहिले. मला वाटलं त्यांना दम लागला.

"तू आयकलास ना गो?" ते म्हणाले. "दादा काय बोलला?"

"ऐकलं."

"काय बोलला?"

"म्हणाले, तुम्ही दोनदा सांगितलं होतंत. डॉक्टरकडे जा म्हणून."

काकांनी मान डोलावली. एक ट्रक गेला, पूल हादरला आणि शांत झाला.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.